दुर्बिणीमागचा कोपर

नागपूरहून परतले तेव्हा घरात पहिला प्रश्न संत्र्यांचा आणि दवाखान्यात पहिला प्रश्न दुर्बिणीचा. संत्री पोरांनी पिशवीची गाठ सुटायच्या आत संपवली. दुर्बिणीचं मात्र ज्याला त्याला "सवडीने सांगेन" म्हणत गेले. ती सवड आज मिळाली आहे, तेव्हा बसा.

मी कोकणातल्या एका तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात बायकांची डॉक्टर. कुटुंबनियोजनाचं ऑपरेशन आम्ही पोट उघडून करत होतो. मग बाई आठवडाभर खाटेवर आणि तिच्या घरची चूल थंड. "लावणी झाली की येते", "गणपती झाले की येते" असं म्हणत बाया पुढे ढकलत, आणि येत त्या पाचव्या बाळंतपणाला. दुर्बिणीच्या ऑपरेशनात बाई संध्याकाळी पायी घरी जाते असं ऐकून होतो. ऐंशीचं दशक नुकतंच लागलं होतं आणि अशी एक दुर्बीण आमच्या दवाखान्याला मंजूर झाली होती. अट एवढीच, की नागपूरला जाऊन शिकून आलेल्या डॉक्टरनेच ती हाताळायची. मला जमलं नाही तर ती दुसऱ्या तालुक्याला जाणार. निघताना आमचे वरिष्ठ माझ्या हातांकडे बघत म्हणाले, "हात लहान आहेत हो तुमचे." मला बांगड्या शाळकरी मुलींच्या मापाच्या लागतात, हे खरं आहे. पण त्यांनी ते ज्या सुरात म्हटलं, त्या सुराचा राग मला थेट वर्ध्यापर्यंत पुरला.

नागपूर

आमच्याकडे थंडी म्हणजे पहाटे एक चादर जास्त. जानेवारीतल्या नागपुरात उतरले तेव्हा स्टेशनबाहेरचे हमालसुद्धा कानाला मफलर गुंडाळून शेकोटीभोवती बसलेले. माझ्याकडे एकुलता एक स्वेटर, तोही बिनबाह्यांचा. कुडकुडत समोरच्या टपरीवर गेले आणि पोहे मागितले. टपरीवाल्याने पोह्यांवर हरभऱ्याचा लालभडक झणझणीत रस्सा ओतला, त्याला तिथे तर्री म्हणतात. मी जरा घाबरून खोबरं मागितलं.

"खोबरं?" तो म्हणाला. "बाप्पा! पोहे आहेत जी हे, मोदक नाहीत."

नाकाडोळ्यांतून पाणी आलं, पण थंडी पळाली. दुसऱ्या दिवसापासून मी तर्री मागून घेऊ लागले.

आम्हाला शिकवणारे डॉक्टर गजभिये उंच, सडपातळ, सावकाश बोलणारे. सदरा नेहमी पूर्ण बाह्यांचा; ऑपरेशनआधी हात धुवायलाही ते सगळ्यांच्या आधी एकटेच जात आणि गाऊन चढवूनच बाहेर येत. या ऑपरेशनात बाईला पूर्ण भूल देत नाहीत, बेंबीखालची जागा तेवढी बधिर करतात. बाई जागी असते, बोलते, ऐकते. डॉक्टर तिच्याशी तिच्याच बोलीत गप्पा मारत. "घाबरली काय वं? घरी कोण कोण हाय तुह्या?" असं विचारत हात चालू. मला म्हणाले, "आपल्या बोलीत बोललं की माणसाचं पोट ढिलं पडते, मॅडम. अर्धी भूल तीच आहे."

आता ही दुर्बीण काय चीज आहे ते सांगते. हातभर लांबीची पोलादी नळी. बेंबीखाली नखाएवढा छेद घ्यायचा, पोटात हवा भरायची आणि त्या छेदातून ही नळी आत सरकवायची. बाहेरच्या टोकाला भिंग, त्याला एक डोळा लावायचा. त्याच टोकाला पिस्तुलासारखी मूठ आणि मुठीपुढे सरकती कडी. कडी पुढे ढकलली की आत चिमटा उघडतो आणि बीजनलिका पकडतो. मग चार बोटांनी कडी हळूहळू मागे ओढायची, की चिमटा बीजनलिकेचा वळसा आत घेतो आणि त्यावर इवलंसं रबरी कडं बसतं. दोन्ही बाजूंना एकेक कडं बसलं की काम झालं. हळूहळू हा शब्द महत्त्वाचा. हिसका बसला तर बीजनलिका फाटते, रक्त सुरू होतं आणि जे टाळायचं तेच करावं लागतं, पोट उघडावं लागतं.

उघड्या पोटाच्या ऑपरेशनात मी खांबासारखी उभी असते, हात तेवढे चालतात. इथे डोळा, हात आणि अवजार एकाच नळीला बांधलेले. आतलं टोक डावीकडे न्यायचं तर बाहेरची मूठ उजवीकडे न्यावी लागते, लोणच्याच्या बरणीत लांब दांड्याचा डाव घालून तळाची फोड शोधताना होतं तसं. आणि डोळा भिंगाला चिकटलेला, त्यामुळे मुठीबरोबर मान जाते, मानेबरोबर कंबर, कंबरेबरोबर पाय. एका बेंबीभोवती अख्खा डॉक्टर फिरतो. पहिल्या दिवशी ते बघून मला हसू आलं होतं. दुसऱ्या दिवशी माझी पाळी आली तेव्हा मुळीच आलं नाही.

मूठ परदेशी बनावटीची. ज्याच्या हाताच्या मापाने ती घडवली तो गृहस्थ माझ्या दीडपट असला पाहिजे. कडी पुढे असताना माझी बोटं तिच्यापर्यंत जेमतेम टेकत, नखं आणि त्यामागचं पहिलं पेर. सराव बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यावर चाले. डब्याला भोक, आत जुन्या हातमोज्यांची कापलेली बोटं टांगलेली. त्यांतली किती मी फाडली ते विचारू नका.

माझा सराव घेत डॉक्टर राऊत. गजभियांच्याच हाताखाली तयार झालेला तिशीतला गुबगुबीत, हसरा माणूस. त्याचं एकच पालुपद. "कोपर वर, मॅडम. सरांचा कोपर पाहा."

सरांचा कोपर पाहण्यासारखाच होता. कडी ओढायची वेळ आली की त्यांचा उजवा कोपर सावकाश उचलला जाई, थेट खांद्याच्या रेषेपर्यंत, आणि मग कडी अशी अलगद मागे येई की टेबलावरच्या बाईला कळतसुद्धा नसे. राऊत तसंच करी. शेजारच्या जिल्ह्यांतून भेटायला येणारे त्यांचे जुने विद्यार्थीही तसंच करत. पाहणारा म्हणे, "गजभियांच्या तालमीतला दिसतो." मीही कोपर उचलला. दिवसभर उचलून धरला.

आणि पहिल्याच खऱ्या पेशंटवर माझी फजिती झाली. कडी सुरुवातीला हलेचना. मी जोर लावला आणि ती एकदम हलली. "आई वं!" बाई कळवळली. त्याच क्षणी डॉक्टर गजभियांचा हात माझ्या हातावर आला. त्यांनी मूठ काढून घेतली, बाईशी दोन शब्द बोलले आणि उरलेलं काम पुरं केलं. बीजनलिका फाटली नव्हती, नुसती खरचटली होती.

नंतर व्हरांड्यात ते म्हणाले, "मॅडम, तुमचं मन मोडायचं नाही मले. तुमचा डोळा चांगला आहे, घाई नाही. पण हातात हिसका आहे. पुढच्या आठवड्यात काटोलला शिबिर आहे. तोवर हात सावरला नाही तर या शिकल्या असं मी सांगू शकत नाही. टेबलावर बाई असते न."

त्यांचं बरोबर होतं, म्हणूनच जास्त लागलं. नर्सेसच्या न्हाणीघरात जाऊन मी मनसोक्त रडले. चाळिशी उलटलेल्या डॉक्टरने रडू नये असा कायदा माझ्या वाचनात नाही.

रामटेक

रविवारी राऊत आणि त्याची बायको मला रामटेकला घेऊन गेले. माझा उतरलेला चेहरा त्यांना बघवला नसावा. वाटेत धान कापून झालेली शेतं पाहिली आणि मला एकदम माहेरी आल्यासारखं वाटलं. विदर्भ म्हणजे कापूस आणि ज्वारी एवढंच शाळेत शिकले होते. तिकडे भाताला धान म्हणतात आणि बांध आमच्यापेक्षा ऐसपैस असतात, बाकी पेंढ्याचा वास तोच.

गडावर चढताना वानरांनी राऊतच्या बायकोच्या हातातली फुटाण्यांची पुडी पळवली. ती त्यांच्यामागे "मेल्यांनो!" म्हणत धावली आणि आम्ही खाली बसून हसलो. देवळात घंटा वाजवायला मी हात उचलला आणि खांद्यातून अशी कळ गेली की हात तसाच खाली घेतला. पाहते तो राऊतनेही घंटा डाव्या हाताने वाजवली.

"तुमचाही खांदा?" मी विचारलं.

"मंग!" तो म्हणाला. "दोन वर्षं झाली, दुखूनच राहिला. सरांकडे शिकला अन् खांदा दुखला नाही असा एक तरी डॉक्टर दाखवा मले."

"रात्री तेल चोळून देते मी यांना," बायको म्हणाली. "सोडून द्या म्हटलं तर ऐकत नाहीत."

राऊतच्या आवाजात तक्रार नव्हती, उलट जरा मिरवणंच होतं. पैलवान मोडलेला कान मिरवतो तसं.

वडाभात

सोमवारी डॉक्टर गजभियांनी मला जेवायला बोलावलं. घर साधं, नीटनेटकं. बैठकीत बुद्धाची छोटी मूर्ती, तिच्यापुढे शेवंतीची फुलं. त्यांच्या पत्नी सुनंदाताई शाळेत शिकवत. मला पाहताच म्हणाल्या, "इतक्या बारक्या स्वेटरात फिरून राहिल्या थंडीत?" आणि स्वतःची शाल माझ्या अंगावर टाकली.

बेत वडाभाताचा होता. चार डाळी भरड वाटून तळलेले खुसखुशीत वडे गरम भातावर कुस्करायचे आणि वरून हिंगमोहरीची फोडणी दिलेलं कडकडीत तेल घ्यायचं. भातावर तेल! आमच्याकडे भातावर तूप, नाहीतर सोलकढी. पण वास असा सुटला होता की मी आढेवेढे घेतले नाहीत. तेल पाहुण्याला यजमानाने स्वतः वाढायचं असा त्या घरचा रिवाज. डॉक्टर पळी घेऊन माझ्या ताटाशी आले, वाकले आणि पळी कलती केली.

त्यांचा उजवा कोपर वर गेला. सावकाश, खांद्याच्या रेषेपर्यंत. थेट ऑपरेशनच्या टेबलावर जातो तसा.

मी बघतच राहिले. इतकी बघत राहिले की "पुरे" म्हणायचं विसरले आणि भात तेलात पोहू लागला.

"अहो, थांबा न!" सुनंदाताई ओरडल्या. मग मला म्हणाल्या, "यांचा हात पालथा होत नाही जी. पूर्वी स्कूटरवरून पडले होते, हाड वाकडं जुळलं. काही ओतायचं म्हटलं की कोपरच उचलावा लागते."

"ओतता येते न? बस," डॉक्टर म्हणाले आणि विषय संपवून टाकला.

तेलातला भात मी शेवटच्या शितापर्यंत खाल्ला. चव अप्रतिम होती असं आठवतं, पण माझं लक्ष ताटात नव्हतं. मी मांडीवर हात ठेवून गुपचूप पालथा करून पाहत होते. कोपर अंगाशी ठेवूनही माझा हात सहज पालथा होत होता. मग मी कोपर कशासाठी उचलत होते?

दुसऱ्या दिवशी सकाळी कुणी यायच्या आत मी बिस्किटांच्या डब्याशी उभी राहिले. कोपर खाली घेतला. पण टेबल मला उंच, कोपर पुन्हा आपोआप वर येऊ लागला. पेशंटला टेबलावर चढायला एक लाकडी पायरी असते, ती ओढली आणि तिच्यावर उभी राहिले. आता कोपर अंगाशी राहिला आणि मनगट सरळ झालं. मनगट सरळ होताच बोटं कडीवर दुसऱ्या पेरापर्यंत पोचली. खोटं वाटत असेल तर करून पाहा. मनगट आतल्या बाजूला पुरतं वाकवा आणि मूठ आवळा, जोर कुठे पळतो ते कळेल. डॉक्टरांची बोटं लांब, त्यांना मनगट वाकलं तरी चालत होतं. माझा सगळा जोर त्या वाकड्या मनगटात अडकून पडला होता आणि सुटे तेव्हा हिसका देऊन सुटे.

मी कडी ओढली. रबराचं बोट अलगद आत आलं. पुन्हा ओढली, पुन्हा आलं.

"मॅडम, कोपर!" राऊत दारातून ओरडला. त्याच्यामागे डॉक्टर गजभिये उभे होते.

"काहून खाली केला कोपर?" त्यांनी विचारलं. रागाने नव्हे, नुसतंच.

काल ज्यांच्या घरी जेवले त्यांच्या मोडलेल्या हाताबद्दल त्यांनाच कसं सांगायचं? पण टेबलावर बाई असते, हे त्यांनीच शिकवलं होतं. मी म्हटलं, "सर, तुमचा हात पालथा होत नाही म्हणून तुम्ही कोपर उचलता. माझा होतो. मी उगाच उचलत होते."

ते राऊतकडे वळले. "मी कधी म्हटलं, कोपर वर करा?"

"नाही सर."

"मंग काहून करता गा?"

"तुम्ही करता न, सर."

"मी करतो, कारण मले दुसरं काही करताच येत नाही." ते स्टुलावर बसले. उजव्या हाताचं मनगट त्यांनी डाव्या हाताने धरलं. "हात मोडका आहे म्हटलं असतं तर ही दुर्बीण कोणी दिली असती मले? म्हणून नाही बोललो कधी. अन् तुझा खांदा दुखते, राऊत?"

राऊतने मान खाली घातली. "सगळ्यांचाच दुखते, सर."

मला त्या माणसाची फार दया आली. खरं सांगायचं तर दया हा शब्द बरोबर नाही, माया म्हणते. अवजार धडधाकट हातासाठी घडवलेलं, हात मोडलेला. दोन्ही सांभाळत त्यांनी स्वतःपुरती एक वाट काढली होती आणि आम्ही भाबड्यांनी तिचा हमरस्ता केला होता.

काटोल

काटोलच्या रस्त्याला दोन्ही बाजूंना संत्र्याचे बगीचे, आणि बाजाराजवळ तर पेंढ्यावर संत्र्यांचे ढीगच्या ढीग. बाया रांगेने बसून मोठी फळं एकीकडे, लहान एकीकडे काढत होत्या. त्यांचा हात इतका भरभर चाले की माझी नजर मागे पडे. शिबिर सरकारी दवाखान्यात होतं. दोन टेबलं मांडली होती आणि आसपासच्या गावांतले गजभियांचे दोन जुने विद्यार्थीही मदतीला आले होते; राऊत तर आमच्याबरोबरच आला होता.

माझ्या टेबलावर आलेली सुशीला त्या फळं निवडणाऱ्या बायांतलीच. तीन लेकरांची आई. तिसऱ्या बाळंतपणात मरता मरता वाचली होती. दोनदा नाव नोंदवून घाबरून परत गेली होती, तिसऱ्यांदा नवऱ्याला न जुमानता स्वतः आली होती. हाताने टेबलाची कड घट्ट धरलेली.

"बाई, दुखन काय?" तिने विचारलं.

"ओढल्यासारखं होईल. दुखलं तर मला सांग, मी थांबेन."

"घरी कधी जाईन? माही धाकली लहान हाय, दुसऱ्याजवळ राहत नाही."

"आज संध्याकाळी," मी म्हटलं. म्हणून तर बसले, आता ते खरं करून दाखवायचं होतं.

मी पायरीवर चढले. डोळा भिंगाला लावला. आत गुलाबी उजेड, त्यात उजवी बीजनलिका लगेच दिसली. चिमट्यात धरली. कोपर अंगाशी. कडी मागे घेऊ लागले. सुशीला धाकटीच्या खोड्या सांगत होती, संत्र्याच्या साली डोक्यावर ठेवून नवरी होते म्हणे. मी हूं हूं करत होते. कडं बसलं. डावीकडे वळले, पायरीवर पाऊल सरकवलं, कडी पुन्हा ओढली. सुशीलाचं बोलणं एका शब्दालाही अडखळलं नाही. दुसरं कडं बसलं तेव्हा मी एवढा मोठा श्वास सोडला की भिंगावर धुकं आलं.

तासा-दोन तासांनी ती खाटेवर उठून बसली आणि गाऱ्हाणं सांगू लागली. "बाई, पोट नाही दुखून राहिलं. खांदा कायले दुखते? खांद्यात तर काही केलं नाही न तुम्ही?"

पोटात उरलेल्या हवेने असा खांदा दुखतो, एक-दोन दिवसांत थांबतो. तिला तसं सांगून मी तिचा खांदा चोळत बसले. डॉक्टर गजभिये तेवढ्यात तिथे आले. तिची नाडी पाहिली, पोट पाहिलं, मग माझ्याकडे बघून म्हणाले, "तुमची दुर्बीण आता कोकणातच जाईन, मॅडम. मी सांगतो तसं." मला हुंदका आला. या वेळी न्हाणीघर शोधायला गेले नाही.

ते आत वळले तशी मीही मागोमाग गेले. दुसऱ्या टेबलावर त्यांचे दोघे जुने विद्यार्थी काम करत होते. एकाच्या हातात मूठ, कोपर खांद्याशी, मान वाकडी, कपाळाला आठ्या. डॉक्टर त्याचं काम संपेपर्यंत थांबले. मग हात धुवायच्या आधी त्यांनी सदऱ्याची उजवी बाही कोपरापर्यंत दुमडली. मनगटाच्या वर हाड बाकदार, त्यावर लांब, पांढरा पडलेला व्रण. त्यांची बाही वर गेलेली मी तरी पाहिली नव्हती. राऊतच्या चेहऱ्यावरून वाटलं, त्यानेही नसावी.

"हे पाहून घ्या," ते म्हणाले. "हा हात पालथा होत नाही. म्हणून माझा कोपर वर जाते. तुमचे हात धड आहेत. तुम्ही मॅडमजवळ उभे राहा, त्या कशा उभ्या राहतात पाहा, अन् मग आपापल्या अंगाले विचारा. माझं पाहून हात हलवू नका."

एकाने नुसताच खांदा चोळला. डॉक्टरांनी हात धुतले, गाऊन चढवला आणि पुढच्या बाईला "घाबरली काय वं?" म्हणत दुर्बीण हाती घेतली. कडी ओढायची वेळ आली तसा त्यांचा कोपर सावकाश वर गेला, आणि कडी अलगद मागे आली. शेजारच्या टेबलावर जुन्या विद्यार्थ्याने नवी केस घेतली होती. त्याचा कोपर सवयीने उचलला गेला, मध्येच थबकला आणि अंगाशी आला. त्या खोलीत आता एकट्या गजभियांचाच कोपर वर होता.